लतासाठी मी निवडलेलं कार्ड

आता जे सांगणार आहे ना, ते माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर वाटतं, माझ्या पोटातलं सगळं तिला कळतं. चार वर्षं होऊन गेली. या चार वर्षांत दोनदा अगदी ओठांवर आलं होतं, आणि दोन्ही वेळा मी समोरच्याला विचारलं, चहा टाकू का? म्हणजे कशी आहे मी, बघा. आज तुम्ही बसलाच आहात तर सांगते. मध्ये अडखळले तर अडखळू द्या. फक्त टोकू नका, मला कुणी टोकलं की मी लगेच दुसऱ्याच विषयावर जाते, आणि मला ते बरंच वाटतं.

तर — आधी मी कोण. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सचा एक छोटा कारखाना आहे, तिथे मी केबिनमध्ये बसते. खाली दुकानं, वर आम्ही. बावीस मशिनी, एक कटिंगचं टेबल, कोपऱ्यात काचेची केबिन, आणि केबिनमध्ये मी, एक कम्प्युटर आणि एक एसी, जो फक्त सेठ आले की लावायचा. हजेरी, बिलं, दर शनिवारचा हप्ता — म्हणजे आठवड्याचा पगार, आमच्याकडे तो पाकिटातून रोख मिळतो — हे सगळं माझ्या हातून जातं. राहायला अंबरनाथ पूर्वेला, नवरा केमिकलच्या कंपनीत सुपरवायझर. कारखान्यात मला सगळे मॅडम म्हणतात. सेठसुद्धा. मला ते आवडतं. आता एवढं सांगायला बसलेय तर हे तरी कशाला लपवू?

आणि मॅडमला एक गोष्ट फार चांगली कळायची. क्रेडिट कार्ड.

हसू नका. खरंच कळायची. आमच्या अख्ख्या मजल्यावर पहिलं कार्ड माझं. मी त्याबरोबर आलेलं पुस्तक बसून वाचलं होतं — ते बारीक अक्षरातलं, जे कुणी वाचत नाही. वर्षाची फी किती, किती खर्च केला की माफ होते, बिलाची तारीख कोणती आणि भरायची कोणती, त्या दोन तारखांच्या मधे खरेदी केली तर किती दिवस बिनव्याजी मिळतात, एटीएममधून कार्डाने रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज कसं चढतं. मिनिमम ड्यू म्हणजे काय, हे मी किमान वीस बायकांना समजावलं असेल. मी म्हणायचे, अगं, ते मिनिमम लिहिलेलं असतं ना, कमीत कमी एवढे तरी भरा म्हणून, तिकडे बघायचंच नाही. पूर्ण रकमेकडे बघायचं. ती भरता येत नसेल तर कार्ड आपल्यासाठी नाही. कुणाला पेट्रोलवर सूट असलेलं, कुणाला फी नसलेलं, कुणाला मी सरळ सांगायचे, तू घेऊ नकोस, तुझा हात सैल आहे. माणूस बघून कार्ड सांगायचे मी. लोक ऐकायचे.

मग माझं कसं अडकलं? तेच तर. दिवाळीच्या आधी ऑनलाइन सेल लागतात, त्यात ठराविक कार्डावर दहा टक्के सूट असते. कारखान्यात तसलं कार्ड एकटीकडे — मॅडमकडे. मग काय, रांगच. मॅडम, मिक्सर मागवा. मॅडम, पोराला मोबाइल. मॅडम, आईला वॉशिंग मशीन. माझ्या कार्डावर घ्यायचं, आणि रोख माझ्या हातात आणून द्यायची. मी वहीत नाव लिहायची, टिक करायची. सगळ्यांनी दिले हो पैसे, एकानेही बुडवले नाहीत. प्रामाणिक माणसं. पण हातात नोटा आल्या, आणि बिल यायला अजून महिना. तेवढ्या महिन्यात त्या नोटा — कुठे गेल्या? मला विचारू नका. मोठं काही घेतलंच नाही. घरात फॉल्स सीलिंग केलं, तेवढं दिसतं तरी. बाकी हॉटेल, गाडी करून देवदर्शन, पुतण्याच्या लग्नात जरा जास्तच वजनाचा आहेर. मॅडमला शोभेल असा. बिल आलं तेव्हा मी वीस बायकांना सांगितलेलं सगळं विसरले आणि मिनिमम भरलं.

एकदा भरलं की पुढच्या महिन्यात परत तेच करावं लागतं. उरलेल्या रकमेवर व्याज कसं वाढतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. मला मात्र माहीत होतं, आणि तरी वाढत होतं, हा त्यातला छळ. दर महिन्याच्या अठरा तारखेला मोबाइल वाजला की मी तो उलटा करून ठेवायची. नवरा शेजाऱ्यांना सांगायचा, आमच्या हिचा हिशोब एकदम पक्का असतो. मी आत जाऊन कांदा चिरत बसायची. कुणाला सांगणार? ज्या बाईला सगळा मजला विचारायला येतो, तिने कुणाला विचारायचं?

आता लता.

लता आमच्याकडे चेकर होती. तयार जीन्स हातात घेऊन उलटीसुलटी करायची, राहिलेले धागे कापायची, शिलाई बघायची, टॅग लावायची. बोलायला कमी. डोळे असे तेज की पॉकेटच्या शिलाईतला एक टाका सुटला तरी बाजूला काढणार. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. सगळे मला मॅडम म्हणायचे, ती एकटी ताई म्हणायची. नवरा बदलापूरला शेअर रिक्षा चालवायचा. दोघं बदलापुरातच खरवईला भाड्याने राहायचे, आणि तिथेच नव्या बिल्डिंगमध्ये एक खोली-किचन घ्यायचं तिच्या मनात होतं. मनात म्हणजे — तिने भिशीतून आणि रिक्षाच्या कमाईतून बुकिंगचं एकावन्न हजार टोकन भरूनसुद्धा टाकलं होतं. चौथा मजला, कोपऱ्याचा फ्लॅट. दोन्हीकडून वारा येतो ताई, असं मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. वाऱ्याचं काय एवढं, मी म्हणायची. तर म्हणाली, आमच्या आत्ताच्या खोलीला खिडकीच नाही.

कर्जाचं काम बघणारा एजंट तिला म्हणाला, तुमच्या नावावर कधी कसलंच कर्ज नाही, त्यामुळे तुमचा क्रेडिट स्कोअरच नाही. एक क्रेडिट कार्ड घ्या, सात-आठ महिने नीट भरा, मग आपण फाइल टाकू. म्हणून एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर ती केबिनच्या दारात आली. हाताला निळा रंग होता, जीन्सचा, तो साबणाने जात नाही. म्हणाली, ताई, माझ्यासारखीला कोणतं कार्ड बरं? तुम्ही सांगाल ते घेईन.

तुम्ही सांगाल ते घेईन.

बघा, आता मी तुम्हाला खरं उत्तर सांगते. ते मला तेव्हा, त्याच मिनिटाला माहीत होतं. आठवड्याला रोख पगार, पगाराची पावती नाही, पहिलंच कार्ड — अशा बाईने बँकेत वीसेक हजारांची एफडी करायची आणि त्या एफडीवर मिळणारं कार्ड घ्यायचं. लिमिट छोटं, अठरा हजारांच्या आसपास. त्यावर फक्त गॅस आणि मोबाइलचं बिल टाकायचं, आणि तारखेच्या आधी पूर्ण भरून टाकायचं. बस. पगाराचा कागद लागत नाही, कुणी काही विचारत नाही, स्कोअर आपोआप तयार होतो. शिवाय पैसे आपलेच, आपल्याच एफडीत. लताच्या अंगाला शिवून दिल्यासारखं होतं ते कार्ड. दुसऱ्या कुणाला मी डोळे मिटून तेच सांगितलं असतं.

मी तिला तेच सांगायला तोंड उघडलं होतं — शपथेवर. आणि तेवढ्यात मनात आलं, अठरा हजारांचं लिमिट माझ्या काय कामाचं?

आलं ना लक्षात? माझं कार्ड भरलेलं होतं, गळ्यापर्यंत. मार्केटमध्ये एक मोबाइलवाला होता, तो कार्ड घासून रोख द्यायचा, वर दोन टक्के कापून. एका कार्डावरची रोख दुसऱ्या कार्डाच्या बिलात भरायची, असं फिरवत राहायचं. कॅम्पमध्ये अशी फिरवाफिरवी करणारे ढिगाने आहेत. पण फिरवायला दुसरं कार्ड लागतं. माझ्या नावावर दुसरं मिळत नव्हतं, दोन ठिकाणी नकार आला होता, आणि तो नकारसुद्धा मी कुणाला सांगितला नव्हता. आणि इथे ही दारात उभी. निळे हात घेऊन.

मी म्हटलं, बस. आणि तिला मोठं कार्ड सांगितलं. पगारावर मिळणारं. तिचं जिथे खातं होतं, त्याच बँकेचं. म्हटलं, एफडीवाल्या कार्डाला कोणी विचारत नाही, त्याने स्कोअर हळू वाढतो. हे खोटं होतं. म्हटलं, लिमिट मोठं असलं की बँकेला माणूस मोठा वाटतो. म्हटलं, वापर दाखवावा लागतो, तर तो मी दाखवते, माझी खरेदी तुझ्या कार्डावर करेन आणि बिलही मीच भरेन, तुला एक पैशाची तोशीस नाही. ती तर हात जोडायलाच लागली. मला उपकार करणारी समजून. मी काय केलं? मी म्हटलं, अगं असू दे गं.

पगारावरचं कार्ड म्हणजे पगाराची स्लिप. आमच्याकडे असले कागद लागतात तेव्हा बनतात — कुणाला भाड्याच्या करारासाठी, कुणाला मुलीच्या ॲडमिशनला. सेठ बघून सही करतात, खरा आकडा टाकून. लताचा आठवड्याचा हप्ता साडेतीन हजार. महिन्याचे झाले पंधराच्या आसपास. पंधरावर ते कार्ड मिळत नव्हतं. मी कंपनीच्या लेटरहेडवर बत्तीस हजारांची स्लिप टाइप केली. शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये असतो, तो मारला. सहीच्या जागी माझीच एक रेघ ओढली, वाचता न येणारी. सेठ त्या दिवशी वॉशिंगवाल्याकडे गेले होते. लताने कागद हातात घेतला, आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ताई, एवढा कुठे मिळतो मला? मी म्हटलं, बँकेला असंच लागतं, सगळे असंच करतात, तू सही कर. तिने केली.

ऐंशी हजारांचं लिमिट मिळालं. कार्ड आलं त्या दिवशी तिने पेढे आणले होते. मी दोन खाल्ले.

पुढचे आठ महिने मी तिचं कार्ड वापरलं. कार्ड माझ्याच पर्समध्ये असायचं, ओटीपी आला की ती मशीनच्या आवाजातून ओरडून सांगायची, आणि सगळ्या बायका हसायच्या. मोबाइलवाल्याकडे घासायचं, रोख घ्यायची, माझं बिल भरायचं. तिच्या कार्डाचं मी भरत होते हो, एकही तारीख चुकवली नाही. पण काय भरत होते? मिनिमम. ऐंशीपैकी बहात्तर-पंचाहत्तर हजार कायम वापरलेलेच दिसायचे. आणि मी स्वतःला सांगत होते की तिचा स्कोअर छान बनतोय, माझ्यामुळे बनतोय. माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो, नाही?

मग एके दिवशी लता म्हणाली, ताई, फाइल टाकली. एजंटने सेठकडून पगाराचं पत्र घेतलंय. सेठने पत्र दिलं म्हणजे खरं दिलं असणार, पंधरा हजारांचं. मी विचारलं, कोणत्या बँकेत टाकली गं? तर तीच. जिच्याकडे आधीच माझा बत्तीस हजारांचा कागद पडला होता, तीच.

त्या दिवसापासून तीन आठवडे गेले. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस माझ्या हातात होते, हे नीट लक्षात घ्या. मी तिला म्हणू शकत होते, ती फाइल काढून घे, दुसऱ्या बँकेत टाक. पण मग तिने विचारलं असतं, का? सेठला सांगू शकत होते. अठरा वर्षांची नोकरी गेली असती, घरी कळलं असतं, फॉल्स सीलिंग कशातून झालं ते कळलं असतं. कर्जाच्या त्या एजंटला फोन करू शकत होते. कसलं काय! रोज सकाळी रिक्षातून उतरताना ठरवायचे की आज बोलायचं, आणि जिना चढून वर येईपर्यंत काहीतरी काम निघायचं. नसलं तर मी काढायचे. लता मध्येच येऊन सांगायची की पडदे कुठले घ्यावेत. मी तिला गजानन मार्केटमधलं एक दुकान सांगितलं. भाव कसा करायचा तेही सांगितलं.

मंगळवार होता. दुपारचे साडेबारा. सेठ समोरच्या खुर्चीत बसून सॅम्पलच्या पँटी बघत होते, एसी चालू होता. केबिनमधला फोन वाजला. तो जुना फोन, त्यातला आवाज चार माणसांना ऐकू जातो. बँकेचा माणूस होता. म्हणाला, मॅडम, आपके यहाँ काम करनेवाली के नाम से हमारे पास दो सॅलरी स्लिप है, एक पंधरा हजार की, एक बत्तीस हजार की, बत्तीसवाली आपने इश्यू की है क्या?

सेठने मान वर केली.

इथे मला थोडं थांबू द्या.

किती वेळ मिळाला असेल मला? एक श्वास. दोन. फोनची वायर बोटाला गुंडाळलेली होती आणि बोट पांढरं पडलं होतं, एवढं आठवतं. मला कुणी धमकावलं नव्हतं. सेठ वाईट माणूस नाही, ओरडला असता, कदाचित ठेवलंही असतं. मी काही एवढी घाबरले नव्हते की शुद्ध हरपावी. मी पूर्ण शुद्धीत होते. आणि मी म्हटलं, नाही साहेब, अशी स्लिप आमच्या ऑफिसने दिलेली नाही.

मराठीत म्हटलं. मग त्याला नीट कळावं म्हणून हिंदीतून परत म्हटलं.

सेठने लताला आत बोलावलं. ती हातात टॅगची गन घेऊनच आली, कामातून उठून आली होती. सेठ म्हणाले, ये बत्तीस हजार का कागज किसने बनाया? शांतपणे विचारलं. लताने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

ती मी बोलेन म्हणून वाट बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता, बिलकुल नव्हता. तिला वाटलं असणार, ताई आता सांगतील, ताईंना सगळं नीट समजावून सांगता येतं. बाहेर मशिनी चालू होत्या. मीही तिच्याकडे पाहिलं. आणि जे बोलले ते आता तुम्हाला सांगते, ते सांगण्यासाठीच एवढा वेळ घेतला. फोनवर नाही म्हटलं, ते भीतीने म्हटलं असं एखादा म्हणेल. पण हे? हे बोलायची काही गरजच नव्हती. गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी म्हटलं —

"लता, असं करायला नको होतंस गं."

समजुतीच्या आवाजात. मोठ्या बहिणीसारखं. मान हलवत.

मग ती सेठकडे वळून म्हणाली, "चुकलं माझं, सेठ." बस एवढंच. माझं नाव घेतलं नाही. का नाही घेतलं? त्या कागदावर तिची सही होती म्हणून? मला कुणी खोटं ठरवणार नाही, तिलाच ठरवतील, हे तिला तेव्हाच कळलं म्हणून? की तिने मला त्या क्षणी सोडूनच दिलं? मी चार वर्षं हे उलटसुलट करून बघतेय, मला सापडत नाही. तिने टॅगची गन माझ्या टेबलावर ठेवली. ठेवताना आवाज होऊ दिला नाही.

शनिवारी सेठने पूर्ण आठवड्याचा हप्ता देऊन तिला कामावरून काढलं. पाकीट मी भरलं. बायकांमध्ये कुजबुज झाली, लताने खोटे कागद बनवले म्हणे, दिसते तशी नाही. एक-दोघींनी मला विचारलं, मॅडम, तुम्हाला कळलं कसं नाही? मी म्हटलं, विश्वास ठेवला गं. बघा! हेही बोलले. विश्वास ठेवला म्हणाले.

कर्ज नाकारलं. खोटा कागद दिल्याची नोंद झाली, त्यामुळे दुसरीकडेही मिळेना. कार्ड बंद केलं, पण त्यावरचं थकलेलं लताच्या नावावर राहिलं. टोकनचे एकावन्न हजार बिल्डरने परत दिले नाहीत, पावतीवर तसं लिहिलेलंच होतं म्हणाला. कोपऱ्याचा फ्लॅट दुसऱ्या कुणी घेतला.

कार्डाची थकबाकी मी भरली. सांगतेय ते मोठेपणासाठी नाही, ती माझीच होती. त्यासाठी पाटल्या मोडल्या, घरी सांगितलं की बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्यात. दर महिन्याच्या अठरा तारखेला लता मला बिलाचा फोटो पाठवायची. नुसता फोटो. वर नमस्कार नाही, खाली काही नाही. मी भरायचे आणि पावतीचा फोटो पाठवायचे. चौदा महिने आमचं असं चाललं. त्या चौदा महिन्यांत मी कितीदा तरी टाइप केलं, लता, मला, आणि पुसलं. शेवटचा हप्ता गेला तेव्हा मी लिहिलं, झालं. तिने अंगठा पाठवला. त्यानंतर काही नाही.

टोकनचे पैसे मी तिला दिले नाहीत. ते द्यायचे तर कशाबद्दल देतेय ते बोलावं लागलं असतं.

एकदा खरवईला गेले होते. शुक्रवारी, कारखान्याला सुट्टी असते. तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिथे भाजीवाली बसली होती, तिच्याकडून कोथिंबिरीची जुडी घेतली, उगाचच भाव केला, आणि आल्या रिक्षानेच परत फिरले. नवरा म्हणाला, कोथिंबीर आणायला बदलापूरला? मी म्हटलं, स्वस्त मिळाली.

मी अजून तिथेच बसते. त्याच काचेच्या केबिनमध्ये. बाहेरचं सगळं दिसतं आणि बाहेरच्यांना मी दिसते, दिवसाचे नऊ तास. चेकिंगच्या टेबलावर आता दुसरी बाई आहे. लोक अजून विचारायला येतात, मॅडम, कोणतं कार्ड घेऊ? मी आता फार नीट सांगते. पगार विचारते, खर्च विचारते, बिल पूर्ण भरता येईल का ते तीन-तीनदा विचारते. माझ्या सल्ल्याने कुणाचं वाईट झालेलं नाही, सगळे तसं म्हणतात. ते ऐकताना कसं वाटतं, ते मला नीट सांगता येणार नाही. उठून बाहेर पळावंसं वाटतं, आणि काचेला दार एकच आहे, ते थेट मशिनींमधून जातं.

गेल्या आठवड्यात एक बाई आली. पस्तिशीची असेल. कारखान्यातली नव्हे, बाहेरची. दारात चपला काढायला लागली, मी म्हटलं राहू द्या. म्हणाली, मी खरवईहून आले, लताताईंच्या शेजारी राहते, पोळ्यांची ऑर्डर घेते, मला पहिलं कार्ड घ्यायचंय. लताताई म्हणाल्या, कॅम्प तीनला जा, तिथे मॅडम आहेत, त्यांना यातलं सगळं माहीत आहे.

सगळं माहीत आहे — असंच म्हणाल्या का, मी विचारलं. हो, असंच म्हणाल्या, ती म्हणाली. हसून म्हणाली. तिला काही ठाऊक नव्हतं. लताने तिला का पाठवलं असेल? चांगुलपणाने? की मला बघायचं होतं तिला, मी आता काय सांगते ते? मी त्या बाईला एफडीवरचं कार्ड सांगितलं. कागदावर सगळं लिहून दिलं, कोणत्या काउंटरला जायचं, किती ठेवायचे, महिन्याला काय टाकायचं आणि किती तारखेच्या आत भरायचं. कुणालाही कार्ड वापरायला देऊ नका, हे खाली दोनदा रेघ मारून लिहिलं. सगळं सोप्या शब्दांत. ती खूश झाली.

कागद पर्समध्ये ठेवता ठेवता तिने सहज विचारलं, लताताई पूर्वी इथेच होत्या ना? मग एवढं चांगलं काम का सोडलं त्यांनी?

केबिनमध्ये आम्ही दोघीच होतो. सेठ बाहेरगावी गेले होते. दार लागलेलं होतं. फोन वाजत नव्हता, कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि समोरची बाई ते उत्तर नेमकं लताकडे घेऊन जाणार होती. त्याहून सोपी वेळ मला आयुष्यात परत मिळणार नाही.

मी म्हटलं, तिला घरापासून लांब पडत होतं.